न दुखणाऱ्या पायाची जागल

निळं बॉलपेन खिशात ठेवायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. त्या पेनानं मी लिहिलं कमी आणि लोकांना टोचलं जास्त. 1984 पासून तीसेक वर्षं विदर्भात कुष्ठरोगाचं काम केलं. पदाची नावं बदलत गेली, काम तेच राहिलं. गावात जायचं, अंगणात खाटेवर माणसाला बसवायचं, त्याचे हात, पाय, डोळे तपासायचे आणि कागदावर तळहात-तळपाय काढून जिथं कळत नाही तिथं फुली मारायची.

गेल्या थंडीत तेच पेन थोरल्या भावाच्या तळपायाला लावावं लागलं. दादाला कुष्ठरोग नाही, शुगर आहे, सतरा वर्षांची. रात्री पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपला. सकाळी वहिनीनं चादर झटकली तेव्हा तिला डाग दिसला. पाहते तर घोट्याखाली पुरीएवढा फोड, तोही फुटलेला. दादा म्हणतो कसा, "पण मले तर काहीच दुखत नाही ना!" हेच वाक्य मी चुलीपुढं, धुऱ्यावर, एसटी स्टँडवर इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. घरात ऐकल्यावर मात्र बसून हे लिहायला घेतलं. रोग कोणताही असो, नस गेली की पुढची राखण जवळपास सारखीच.

आधी एक खुलासा. आपल्याकडे रक्ताच्या नळीलाही नस म्हणतात आणि मेंदूकडं निरोप नेणाऱ्या तंतूलाही. मी इथं नस म्हणतो ती दुसरी.

नसेत काय काय असतं

कोपराच्या आतल्या कडेला हाडाचा उंचवटा आहे, त्याच्या मागच्या खोबणीला कधी दाराची कड लागली असेल तर आठवा. झिणझिणी थेट करंगळीपर्यंत गेली असणार. तिथून जाते ती करंगळीची नस. कोपराला मार लागतो आणि ओरडते करंगळी, कारण नसेला कुठंही धक्का बसला तरी मेंदू समजतो की निरोप शेवटच्या टोकाहूनच आलाय.

या एका नसेत तीन जातीचे धागे असतात. काही धागे कातडीवरचा निरोप वर नेतात: गरम, गार, टोचलं, घासलं. काही वरचा हुकूम खाली स्नायूंना पोचवतात. तिसरे घाम सांभाळतात आणि त्यांची आठवण कुणालाच नसते. घाम थांबला की कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा पडतात, भेगेतून घाण आत शिरते. माझ्या पाहण्यातल्या पायाच्या जखमांपैकी कितीतरी अशा साध्या भेगेतून सुरू झाल्या.

कुष्ठरोगाच्या जंतूला अंगातली थंड जागा आवडते. म्हणून तो कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसा धरतो: कोपराची, मनगटाची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, आतल्या घोट्यामागची आणि चेहऱ्याची. बहुतेकदा एका वेळी एखादीच, आणि दोन्ही बाजूंना सारखी नाही. शुगरची रीत वेगळी. ती सगळ्यांत लांब नसांच्या टोकाला हात घालते. म्हणून आधी दोन्ही पायांची बोटं, मग पाऊल, मग घोटा, जणू कुणी मोजे चढवत आणतंय. हाताची पाळी नंतर येते. बधिरपणा एकाच करंगळीत की दोन्ही तळपायांत, एवढ्यावरूनच तुमच्या डॉक्टरला अर्धी गोष्ट कळते, तेव्हा ते नीट सांगा. आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, खाजत नसेल, वर बोट फिरवलेलं कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवाच. गोळ्या फुकट आहेत, प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांच्या. लाजायचं त्यात काही नाही.

पेनानं कसं बघायचं

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका आजीचे तळपाय तपासत होतो. पेन लावायचं आणि विचारायचं, "लागते का?" आजी म्हणायची, "हाव बाप्पा." दहा वेळा विचारलं, दहा वेळा "हाव बाप्पा". मागं उभे असलेले आमचे वरिष्ठ म्हणाले, "आता पेन न लावता विचार." विचारलं. "हाव बाप्पा!" आजी खोटं बोलत नव्हती. एवढा शिकलेला पोरगा उन्हात आलाय तर त्याचं मन कशाला मोडा, एवढंच.

तेव्हापासून मी "लागतंय का" विचारत नाही. तुम्हीही विचारू नका. आधी डोळे उघडे ठेवून एकदा करून दाखवा: मी पेन टेकवणार, तुम्ही बोटानं ती जागा दाखवायची. मग डोळे मिटायला सांगा. पेन सरळ धरून टेकवा, कातडीला हलका खळगा पडेल एवढंच दाबा आणि उचला. ओढू नका, ओढलं की शेजारची कातडी हलते आणि चांगल्या जागेवरून निरोप जातो. एका तालात टेकवू नका, मध्येच थांबा. माणूस अंदाजानं बोट ठेवत असेल तर तिथं पकडला जातो.

हातावर करंगळीचं टोक आणि करंगळीखालची तळव्याची कड, हे कोपराच्या नसेचं राज्य. अंगठ्याचं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं टोक मनगटाच्या नसेकडं. तळपायावर अंगठा, अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा. टाच बघायची तर घट्टा सोडून बघा. जन्मभर निंदण-कापणी केलेल्या बाईच्या टाचेवर पेन टेकवलं तर नस ठणठणीत असूनही तिला कळणार नाही. तो कातडीच्या जाडीचा गुण आहे.

सुई वापरू नका, गरम चमचा तर मुळीच नको. एकानं बायकोचा हात बधिर आहे की नाही ते पेटत्या उदबत्तीनं पाहिलं होतं. उत्तर त्याला मिळालं, पण तिची जखम पुढं दीड महिना मी बांधत होतो. शुगरच्या दवाखान्यात नायलॉनचा केसासारखा धागा असतो, 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा. तो वाकेपर्यंत टेकवतात, म्हणजे दाब दर वेळी सारखाच पडतो. वर्षातून एकदा तरी ती तपासणी मागून घ्या. मागितल्याशिवाय ती होतेच असं नाही.

ताकद बघायची

स्नायूची नस जायला लागली की आधी जेवणात कळतं. वरणभाताचा घास बोटांच्या फटीतून गळतो. ओंजळीत पाणी राहत नाही. सदऱ्याचं बटण लागत नाही. चालताना पायातली चप्पल मागंच राहते आणि माणूस चार पावलं पुढं जाऊन वळून बघतो. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं असेल तर वयाच्या माथी मारू नका.

घरी बघायला चार हालचाली पुरतात. तळहात वर करून टेबलावर ठेवा आणि करंगळी बाकीच्या बोटांपासून दूर न्या. दुसऱ्यानं बोटानं ती आत ढकलून बघावी. तसाच हात ठेवून अंगठा आढ्याकडं सरळ उभा करा आणि तो पाडायचा प्रयत्न करा. मग हात पालथा करून, मूठ वळून मनगट वर उचला. टाच जमिनीवर ठेवून पाऊल उचला. दर वेळी दोन्ही बाजू ताडून बघा. एक बाजू सहज पडत असेल तर ती कमजोर. आम्ही तीनच शब्द लिहायचो: ताकद आहे, कमी आहे, नाही. त्यातला मधला सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तिथं अजून काही करता येतं.

पाचवी गोष्ट डोळ्यांची. झोपल्यासारखे हळू मिटायला सांगा, घट्ट नाही. पापण्यांमध्ये पांढरी फट दिसली तर चेहऱ्याची नस कमजोर झालीय. अशा डोळ्यात धूळ गेलेली कधी कधी कळतही नाही. दिवसा चष्मा, आठवणीनं पापण्या मिटणं, रात्री स्वच्छ फडकं, आणि डोळा लाल झाला तर त्याच दिवशी डॉक्टर.

बोटं वाकडी का होतात, हे मला नेहमी विचारतात. लोकांना वाटतं सगळा हात लुळा पडला. तसं नसतं. बोटं मिटणारे आणि उघडणारे मोठे स्नायू वर, कोपर आणि मनगटाच्या मधे असतात आणि ते बऱ्याचदा चांगले असतात. जातात ते तळव्यातले छोटे स्नायू. त्यांचं काम असतं बोट मुळाशी वाकवायचं आणि पुढं सरळ ठेवायचं, म्हणजे आपण चिमटीत मीठ घेतो तसं. हे कामगार गेले की वरच्या मोठ्यांना आवर घालणारं कुणी उरत नाही. मागचा स्नायू बोट मुळाशी उलटं ताणतो, पुढचा टोकं आत ओढतो आणि पंजा तयार होतो. बोटाच्या मुळाशी आपल्या हातानं आधार देऊन थोडं वाकवून धरा. पुढची पेरं आपोआप सरळ झाली तर सांधे अजून मोकळे आहेत. मग रोज तेल लावून हात मांडीवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या कडेनं बोटं हळूच पुढं सरळ करत न्यायची, दहा-वीस वेळा. यानं मेलेली नस जिवंत होत नाही. पण सांधा अखडत नाही, आणि अखडला नाही तर पुढं शस्त्रक्रियेचा रस्ता उघडा राहतो.

सहा महिन्यांचा हिशेब

एका कुष्ठरुग्णाची चप्पल पोळ्याला निसटायला लागली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस. पाऊल उचलत नाही, म्हणून पाय गुडघ्यापासून उंच उचलून फटकन टाकायचा, नदीतून चालल्यासारखा. तो आमच्याकडं आला होळीला. मधे सोयाबीन होतं, मग कापूस होता. "दुखत नव्हतं नं साहेब," हेच. नसेची ताकद किंवा संवेदना जाऊन सहा महिन्यांच्या आत आला असता तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरून पाऊल परत यायची चांगली आशा होती. नस आतल्या आत सुजते, तिच्या वेष्टनात जागा नसते, ती स्वतःच स्वतःला चेपते. फार दिवस चेपली की मग सूज उतरूनही उपयोग नाही. या गोळ्या मेडिकलमधून आणून मनानं घ्यायच्या नाहीत, आणि सुरू केलेल्या मनानं बंदही करायच्या नाहीत. शुगरवाल्यांची साखर त्या भलतीच वर नेतात.

कधी नस ठणकते, कोपरात वीज चमकल्यासारखं होतं. तो माणूस बरा, धावत तरी येतो. कधी मात्र नस आवाज न करता जाते. म्हणून कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू असताना आणि संपल्यावरही काही काळ दर महिन्याला पेन आणि चार हालचाली करायच्याच.

पोळावाल्याची पुढं शस्त्रक्रिया झाली. पाऊल आत वळवणारा स्नायू शाबूत होता. त्याची दोरी पावलाच्या वर आणून बसवली. प्लास्टर निघाल्यावर खरी गंमत. त्याला "पाऊल वर उचल" म्हटलं की काहीच व्हायचं नाही. "पाऊल आत वळव" म्हटलं की पाऊल वर उठायचं! स्नायूची जागा बदलली होती, मेंदूला बातमी नव्हती. तीन आठवडे तो पलंगाच्या कडेला बसून मनात "आत, आत" म्हणत पाऊल वर उचलत होता. एक दिवस न म्हणता उठलं. अशा शस्त्रक्रिया वाकड्या बोटांवरही होतात. तमिळनाडूतल्या वेल्लोरला 1946 साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी त्या हातांवर करून दाखवल्या, आणि आपल्याकडच्या पिढ्या तिथूनच शिकल्या.

संध्याकाळची जागल

शेतात डुकरं येतात म्हणून आपण रात्री जागलीला जातो. बधिर पायाची जागल संध्याकाळी, उजेड असताना.

टोपलं किंवा बादली, साधं पाणी, पाय वीस मिनिटं बुडवून बसा. गरम पाणी नको. मग निबर कातडी खरबरीत दगडानं हळूच घासा, ओल्यावरच तेल लावा म्हणजे पाणी आत टिकतं. कोणतंही तेल चालतं, महागाचं नको. ही कुष्ठरोगातली पद्धत. शुगरवाल्यांनी मात्र पाय भिजवत बसू नये. धुवावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या, क्रीम किंवा तेल लावावं पण बेचक्यांत नाही. दगड, ब्लेड, कुरूपाच्या पट्ट्या यांच्या वाटेला जाऊ नये, घट्टा दवाखान्यातच काढून घ्यावा. दोन रोगांची राखण जिथं वेगळी होते ती जागा हीच, आणि दादा नेमका माझं जुनं ऐकून बादली घेऊन बसला होता.

मग बघणं. तळपाय वाकून दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. लाल डाग, फोड, भेग, घट्ट्याखाली काळपट ठिपका. हाताची मागची बाजू फिरवून दोन्ही पाय ताडून बघा. एकच जागा गरम लागत असेल तर आत काहीतरी शिजतंय. हात बधिर असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्याला द्या. जखम सापडली तर तिला मलमाहून जास्त गरज असते ती पाय न टेकवण्याची. आपण चाललो आणि पायात खडा रुतला तर आपण लंगडतो, वजन दुसरीकडं टाकतो. बधिर पाय लंगडत नाही. तो त्याच जागेवर दिवसभर हजारो पावलं टाकतो, आणि जखम भरत नाही ती म्हणून. लोक औषध बदलत राहतात, चालणं मात्र बदलत नाहीत.

चप्पल घालायच्या आधी उलटी करून झटका, मग आत हात फिरवा. एका म्हाताऱ्याच्या चपलेतून वर आलेला तिचाच खिळा मी संध्याकाळी काढला होता. सकाळपासून तो बाजार फिरून आला होता. म्हणून पट्टे शिवलेले हवेत, ठोकलेले नकोत. आतला तळ मऊ, बाहेरचा टणक, काटा न शिरणारा. आम्ही एमसीआर रबराची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल द्यायचो, अजूनही मिळते. मागं पट्टा असावा, कारण अंगठ्याची हवाई चप्पल धरून ठेवायला बोटांत ताकद लागते. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तासच, मग पाय बघा. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी जायचं नाही. दादा आता जाड मोजे घालून जातो. पुजारीबुवा काही म्हणत नाहीत.

हातांची सगळ्यांत मोठी वैरीण चूल. भाकरी उलथण्यानं उलटा, पातेलं सांडशीनं, तव्याला लाकडी मूठ बसवून घ्या. स्टीलच्या ग्लासात चहा नको, कानाचा कप घ्या. बिडी ओढणाऱ्यांची दोन बोटं मी लांबून ओळखायचो. ओढू नका म्हणून थकलो, मग चिमट्यात धरा म्हणालो. जुन्या एसटीत ड्रायव्हरजवळच्या इंजिनाच्या झाकणावर पाय टेकून बसू नका, गाडीच्या सायलेन्सरपासून पोटरी दूर ठेवा. कुदळ-खुरप्याच्या दांड्याला कापड गुंडाळा, आणि अधूनमधून हात उघडून बघा. बधिर हात गरजेपेक्षा जास्त जोरानं पकडतो, कारण किती धरलंय ते त्याला कळत नाही.

बोटं झडतात असं लोक अजून म्हणतात. झडत नाहीत. न कळणाऱ्या जखमा, चटके, त्यातून हाडाला पोचणारी घाण, यांनी ती वर्षानुवर्षं आखूड होतात. वेल्लोरला रात्रीत जखमा कशा होतात याचा शोध घेताना कळलं, की झोपेत उंदीर बोटं कुरतडत होते. मग घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजर देऊ लागले. आमच्याकडं कुडाच्या घरांत मी हेच सांगायचो: जेवल्यावर हात नीट धुवा, खाटेवर झोपा, मांजर पाळा. लोक हसायचे, पण मांजर पाळायचे.

दादाचा फोड भरायला अडीच महिने लागले. वहिनीनं जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर त्याचे दोन्ही तळपाय ठेवून पेन्सिलीनं आकार काढलाय, तो फ्रिजवर लावलाय. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पेन टेकवते, तो डोळे मिटून बोट दाखवतो. डाव्या अंगठ्याखाली फुली, उजव्या करंगळीखाली फुली, बाकी बरोबर. गेल्या महिन्यात तिनं पेन न लावताच थांबून पाहिलं. दादानं बिनधास्त टाचेवर बोट ठेवलं. त्या रकान्यात तिनं लिहिलंय: "लबाडी".